जुन्या सिद्दूरचं करायचं काय?

घर आवरायला काढलं की कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर एक गाठोडं निघतं. घर बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबाचं असेल तर त्यात काय असतं, ते साधारण ठरलेलं आहे. पाठ उसवलेला सिद्दूर म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, पेसाह सणाला वाचायच्या हग्गादाच्या सुट्या झालेल्या दोन-चार प्रती, आजोबांचा तालित म्हणजे प्रार्थनेची शाल, दाराच्या चौकटीवरून कधीतरी काढून ठेवलेली मेजुजा, आणि या सगळ्यात मिसळलेली नातेवाइकांची पत्रं, लग्नपत्रिका, इस्राएलहून आलेली कॅलेंडरं. पुढची पिढी तिकडेच, अश्दोदला नाहीतर दिमोनाला. इथे उरलेल्यांना हिब्रू वाचता येतंच असं नाही. रद्दीत घालायला हात धजत नाही आणि नव्या फ्लॅटमध्ये न्यायला जागा नाही.

हा प्रश्न फक्त ज्यू घरांना पडतो असंही नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, म्हसळा या पट्ट्यात ज्यूंची घरं इतरांनी विकत घेतली, त्यांच्या माळ्यावर अशा पेट्या राहून गेल्या. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे आणि गावच्या वाचनालयांकडे हिब्रू पुस्तकं येतात. ज्याच्या हाती हे पडतं तो बहुधा सद्भावनेनेच काहीतरी करतो, आणि नेमकं तेच ज्यू धर्मशास्त्राला चालत नाही.

हे शास्त्र म्हणजे हलाखा. ते या बाबतीत स्पष्ट आहे आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच सोपंही आहे. हिब्रू अक्षर असलेला प्रत्येक कागद जमिनीत पुरावा लागत नाही. खरं काम निवडण्याचं आहे, आणि ते एका दुपारात होतं.

आधी या नियमाचं मूळ पाहू, म्हणजे निवडताना अडणार नाही. तोरा म्हणजे ज्यू धर्मग्रंथातले पहिले पाच ग्रंथ. त्यांतल्या पाचव्याच्या, म्हणजे अनुवादाच्या, बाराव्या अध्यायात मूर्तिपूजेची स्थानं मोडा, त्यांची नावं पुसून टाका अशी आज्ञा आहे, आणि लगेच पुढे, तुमच्या परमेश्वराच्या बाबतीत असं करू नका, असं बजावलं आहे. यातून रब्बींनी परमेश्वराचं लिहिलेलं नाव पुसण्याची मनाई काढली. न पुसण्याजोगी हिब्रू नावं कोणती याची यादी तालमूद या रब्बींच्या चर्चाग्रंथात आहे, धर्मपंडित मायमोनिडीजने (1138–1204) ती आपल्या धर्मसंहितेत सातवर आणून ठेवली. बारकावा किती असावा? नावाच्या आधी ‘ला’, ‘पासून’ अशा अर्थाचं जोडअक्षर आलं तर ते पुसता येतं. नावानंतर ‘आमचा’, ‘तुझा’ अशा अर्थाचं अक्षर लागलं तर ते पुसता येत नाही, कारण नावाने त्याला आपल्या पावित्र्यात ओढून घेतलेलं असतं.

नाव नसलं म्हणजे मोकळीक असा मात्र अर्थ काढू नका. एस्तेरच्या ग्रंथात परमेश्वराचं नाव एकदाही येत नाही, तरी पुरीम सणाला वाचायच्या त्या गुंडाळीला पावित्र्य आहेच. पवित्र ग्रंथ, प्रार्थना, तोरावरचं भाष्य हे सगळं जीर्ण झालं की ‘गेनिजा’त जातं. गेनिजा म्हणजे मानाने दूर ठेवणं. सिनेगॉगमधल्या त्या कपाटाला, खोलीला किंवा पेटीलाही गेनिजाच म्हणतात.

आता गाठोडं सोडा.

सगळ्यात आधी चर्मपत्रावर हाताने लिहिलेलं बाजूला काढा. सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, घरात सापडणं विरळा, पण मेजुजा आणि तेफिल्लिन हमखास असतात. मेजुजाच्या नळीत चर्मपत्राची छोटी गुंडाळी असते, तेफिल्लिनच्या, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी अंगावर बांधायच्या, काळ्या चौकोनी डब्यांत चार उतारे असतात. यांच्याबद्दल स्वतः काही ठरवू नका. त्यातली अक्षरं क्रमानेच लिहिलेली असावी लागतात. म्हणून मधलं एखादं अक्षर उडालं तर मागे जाऊन भरता येत नाही आणि गुंडाळी गेनिजात जाते. पण अक्षरं शाबूत असतील तर ती पुन्हा दारावर लागू शकते. घरची मेजुजा सात वर्षांत दोनदा तपासून घ्यावी असा नियमच आहे. सेफेर तोरा सापडलाच तर तो उघड्या हाताने चाचपू नका, त्याच्या चर्मपत्राला थेट स्पर्श करायचा नसतो. त्यात 3,04,805 अक्षरं असतात. चुकलेलं अक्षर सोफेर, म्हणजे धर्मलेखक, खरवडून दुरुस्त करतो. चूक परमेश्वराच्या नावातच असेल तर ते खरवडायला बंदी, म्हणून तो अख्खा तुकडा काढून गेनिजात ठेवतात आणि नवा शिवतात. प्रत्येक स्तंभात तीन चुका असतील तर दुरुस्त करा, चार असतील तर गेनिजात ठेवा, असंही तालमूदमध्ये एक मत आहे. वाचनासाठी बाद झालेला सेफेर पुष्कळ सिनेगॉगमध्ये हेखलातच, म्हणजे सेफेर ठेवायच्या कपाटातच, इतर सेफेरांच्या शेजारी मानाने उभा असतो. तो लगेच पुरलाच पाहिजे असं नाही.

नंतर छापील पुस्तकं. छपाई आली तेव्हा यंत्राने उमटलेल्या अक्षराला हाताने लिहिलेल्या अक्षराचं पावित्र्य आहे का, यावर वाद झाला. व्यवहारात उत्तर ठरून गेलं: सिद्दूर, तोरा, हग्गादा, स्तोत्रं छापील असली तरी गेनिजातच जातात.

मग मराठी पुस्तकांचं काय? मराठी घरांत हाच प्रश्न सगळ्यात जास्त अडतो. बेने इस्राएल समाजाची धार्मिक छपाई मोठी आहे. मुंबईत 1846 मध्ये मराठी भाषांतरासह हग्गादा निघाला. पुण्यात 1874 मध्ये निघालेल्या हग्गादातल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका पेसाहची बिनखमिराची भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. ‘हे काही हिब्रू नाही, मराठीच आहे’ असं म्हणून ही पुस्तकं रद्दीत गेल्याचं ऐकू येतं. मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहाचं उत्तर नेमकं उलट आहे. सुमारे इ.स. 200 मध्ये संकलित झालेल्या मिश्नाच्या शब्बाथविषयक भागात, पवित्र ग्रंथ कोणत्याही भाषेत लिहिलेले असले तरी त्यांना गेनिजा हवीच, असं म्हटलं आहे. त्यावर तालमूदमध्ये एक हकिगत येते. यरुशलेममधल्या मंदिराच्या टेकडीवर रब्बान गमलिएल यांच्याकडे इयोबाच्या ग्रंथाचं अरामी भाषांतर आणलं गेलं. त्यांना ते वापरात नको होतं. त्यांनी गवंड्याला ते भिंतीच्या थराखाली ठेवायला सांगितलं. पुढे चर्चेत प्रश्न उठतो की असं पुस्तक आपल्या हाताने नष्ट करणं तरी योग्य आहे का? नाही. ते अशा दुर्लक्षित जागी ठेवावं की ते आपोआप जीर्ण होईल.

या एका वाक्यातून गेनिजाचा सगळा व्यवहार निघतो. आपण नाश करायचा नाही, फक्त जागा द्यायची.

पावित्र्य भाषेत नसून मजकुरात आहे, हे दुसऱ्या बाजूनेही लागू होतं. सतराव्या शतकातले रब्बी शब्बताय हाकोहेन यांच्या मते परमेश्वराचं दुसऱ्या भाषेतलं नाव हे न पुसण्याजोग्या नावांत मोडत नाही. म्हणजे मराठी वर्तमानपत्रात ‘परमेश्वर’ छापला म्हणून तो अंक जपायचं कारण नाही. तसंच हिब्रू दिसलं की दचकायचंही कारण नाही. इस्राएलहून आलेलं वर्तमानपत्र, विजेचं बिल, मावशीने पाठवलेल्या बिस्किटांचा पुडा यांवर फक्त हिब्रू अक्षरं आहेत, आणि पुडा कचऱ्यात टाकलात तर कोणाचा धर्म बुडत नाही. सणांच्या तारखा आणि आठवड्याच्या तोरावाचनाचं नाव एवढंच असलेलं कॅलेंडरही साधा कागद आहे. पत्राच्या डोक्यावर परमेश्वराचं नाव पूर्ण न लिहिता नुसती दोन आद्याक्षरं असतात, तीही नाव ठरत नाहीत.

गाठोड्यातल्या कागद नसलेल्या वस्तूंसाठी एकच कसोटी लावा: वस्तूने पवित्र मजकूर अंगावर धरला होता, की तिने नुसतं एक धर्मकार्य पार पाडलं होतं? सेफेर तोराचं मखमली वस्त्र किंवा लाकडी, चांदीची पेटी, तेफिल्लिनची पिशवी आणि पट्टे, मेजुजाची नळी या वस्तू पवित्र मजकुराला टेकलेल्या, म्हणून त्याही गेनिजात जातात. लुलाव (सणातली खजुराची झावळी), सुक्काच्या म्हणजे सणाच्या मांडवाच्या फांद्या, शोफार (फुंकायचं शिंग), तालितच्या कडेचे दोरे यांचं काम झालं की त्या टाकून देता येतात. फक्त घाणीत टाकू नयेत असं नंतरच्या शास्त्रींनी सुचवलं, आणि वाळलेला लुलाव पेसाहची भाकरी भाजायच्या चुलीत घालायची रीत पडली, म्हणजे एका धर्मकार्याची वस्तू दुसऱ्या धर्मकार्याला लागते. सेफेर तोराच्या फाटक्या वस्त्रांसाठी तालमूद आणखी एक वाट दाखवतं. ज्याला पुरायला कोणी नाही अशा बेवारस मृताचं कफन त्या वस्त्रांतून करावं, हीच त्यांची गेनिजा. मला या सगळ्या नियमांत हा सर्वांत मोठा वाटतो.

आता काय करायचं नाही ते. इथे महाराष्ट्रातला शेजारधर्म आड येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

नदीत किंवा समुद्रात सोडू नका. जीर्ण पोथ्या, देवांच्या तसबिरी विसर्जित करणाऱ्या घरात ज्यू पुस्तक सापडलं तर तोच मार्ग सुचणं स्वाभाविक आहे. पण पाण्याने शाई धुतली जाते, आणि शाई धुणं म्हणजे नाव पुसणं. ज्यू धर्मशास्त्रात पाण्यात नाव विरघळवायची एकच आज्ञा सापडते. मंदिराच्या काळात नवऱ्याने बायकोवर संशय घेतला, तर पुरोहित शापाचे शब्द नावासकट लिहून ते पाण्यात धुवायचा. घरात समेट व्हावा म्हणून परमेश्वराने आपलं नावसुद्धा पुसू दिलं, असा अर्थ रब्बींनी लावला. तो विधी केव्हाच बंद झाला.

जाळूही नका. पवित्र ग्रंथ जाळायला मायमोनिडीजने स्पष्ट मनाई केली आहे. अठराव्या शतकात यावर एक खरा पेच उभा राहिला. युरोपातल्या गेनिजा भरून वाहू लागल्या, पानं वाऱ्यावर उडून पायदळी जाऊ लागली. तेव्हा रब्बी याकोव राइशर यांनी, गुपचूप आणि मानाने जाळून राख मातीच्या भांड्यात पुरली तर ती विटंबनेपेक्षा बरी, अशी बाजू मांडली. रब्बी येहेज्केल काट्झेनेलेनबोगेन यांनी ती ठामपणे नाकारली. रिवाज पुरण्याचाच राहिला. राइशर यांचं मत तुम्ही घरी वापरून पाहण्याचं नाही. पण त्यांची काळजी खरी होती. कोपऱ्यात कुजत पडलेलं गाठोडं म्हणजे गेनिजा नव्हे.

रद्दीवाल्याला देऊ नका, हे सांगायला नको. पुस्तकांची पानं शेंगदाण्याच्या पुडीला लागतात हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अलीकडे दुसरा प्रश्न विचारला जातो: कागदाचा लगदा होऊन नवा कागद बनतो, तिथे दिलं तर? परमेश्वराचं नाव नसलेली वर्गातली टिपणं, तोरावर लेख असलेली साप्ताहिकं, झेरॉक्स अशा कागदांना आजचे अनेक रब्बी सवलत देतात. ती पिशवीत गुंडाळून, इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून लगद्याला द्यावीत असं ते सांगतात. सिद्दूर आणि तोरा यांना ही सवलत नाही.

पुरण्याआधी मात्र थांबा आणि जे पुरणार आहात ते एकदा नीट पाहा.

कैरोजवळच्या फुस्तातमधल्या बेन एझ्रा सिनेगॉगची गेनिजा पुरायची राहून गेली, कागद शतकानुशतकं एका खोलीत साठत गेले. 1896च्या अखेरीस केंब्रिजचे सोलोमन शेख्टर तिथे पोहोचले आणि सुमारे 1,93,000 तुकडे इंग्लंडला घेऊन गेले. त्यात मायमोनिडीजच्या हस्ताक्षरातली पानं निघाली. त्याचा भाऊ दावीद व्यापारासाठी हिंदुस्थानाकडे निघाला होता आणि हिंदी महासागरात बुडाला. त्याने वाटेत भावाला लिहिलेलं पत्रही त्या ढिगात निघालं. बाराव्या शतकात मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजूचा पत्रव्यवहारही तिथलाच. अमिताव घोष यांनी त्यावर ‘इन ॲन अँटिक लँड’ लिहिलं. यातली किती तरी पत्रं, पावत्या, हिशेब हलाखाच्या दृष्टीने गेनिजात ठेवायची गरजच नव्हती. लिपी हिब्रू, म्हणून ठेवली गेली. वर मी बिस्किटाचा पुडा टाका म्हणालो, ते मागे घेत नाही. पण आजोबांची पत्रं तो नियम लावून टाकू नका. गेनिजात जाणं त्यांच्या नशिबी नसेल, पण ती कागदपत्रं म्हणून मोलाची आहेत.

म्हणून पुस्तकाचं शीर्षकपान, छापखान्याचं नाव, समासातल्या हस्तलिखित नोंदी यांचे फोटो काढा. कोऱ्या पानावर जन्ममृत्यू, लग्नं, गाव सोडल्याची तारीख लिहिलेली असते. बेने इस्राएल घराण्यांचा इतिहास पुष्कळदा तेवढाच उरला आहे. एकोणिसाव्या शतकातली मुंबई-पुण्याची छपाई असेल तर आधी एखाद्या ग्रंथालयाला विचारा. हस्तलिखितांसाठी यरुशलेमचं राष्ट्रीय ग्रंथालय जगभरच्या ज्यू हस्तलिखितांच्या प्रतिमा गोळा करतं. मूळ वस्तू मात्र सामानात घालून परस्पर इस्राएलला नेऊ नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे 75 वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. केतुबा, म्हणजे विवाहपत्र, तर पुरूच नका. ते कुटुंबाचा दस्तऐवज आहे आणि ज्यू विवाह सिद्ध करायच्या वेळी कामाला येतं.

राहिलेलं सिनेगॉगकडे द्या. आपल्याकडे रब्बी क्वचित भेटतात, कारभार हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, आणि कमिटी बघते. ठाण्याचं शाअर हशामाइम, पनवेलचं बेथ एल, अलिबागचं मागेन अबोथ, मुंबईत सॅम्युअल स्ट्रीटवरचं 1796 पासूनचं शाअर हारहामिम, ज्याला जुनी माणसं जुनी मशीद म्हणतात, यांपैकी जे जवळ असेल तिथल्या कमिटीला आधी फोन करून विचारा. न सांगता दाराशी पोतं ठेवून जाणं वाईट, कारण मग उंदीर आणि पाऊस त्याचा निकाल लावतात. देईपर्यंत कागद सुती कापडात बांधून कोरड्या खोक्यात, जमिनीपासून वर ठेवा. कोकणात प्लॅस्टिकच्या पिशवीला आतून घाम फुटतो आणि बुरशी धरते. वाळवी लागलेलं पुस्तक चांगल्या पुस्तकांपासून वेगळं करा.

पुरणं ज्यू कबरस्तानात होतं. सेफेर तोरा मातीच्या भांड्यात घालून विद्वानाच्या कबरीजवळ पुरावा असा दंडक आहे. यिर्मयाने खरेदीखत बराच काळ टिकावं म्हणून मातीच्या भांड्यात ठेवलं होतं, भांड्याचा आधार तिथून आला. म्हणजे पुरतानाही हेतू टिकवण्याचाच. छापील पुस्तकांना एवढं लागत नाही, कापडी पिशवी किंवा लाकडी खोकं पुरतं. उघडी पानं थेट मातीत टाकू नयेत, एवढं पाहावं. कुठे कोणाच्या दफनाच्या वेळीच थोडी पुस्तकं बाजूला पुरतात, कुठे वेगळा खड्डा करतात. पावसाळ्याचे चार महिने टाळा.

वापरातल्या पुस्तकांचेही नियम आहेत, आणि ते पाळले तर गेनिजाची वेळ उशिरा येते. पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही, पालथं ठेवायचं नाही, फेकून द्यायचं नाही. ज्या बाकावर बसायचं त्याच बाकावर ते ठेवायचं नाही, निदान चार बोटं उंच काहीतरी खाली हवं. तोरावर संदेष्ट्यांचे ग्रंथ ठेवू नयेत, संदेष्ट्यांवर तोरा चालतो. पडलं तर उचलून त्याचं चुंबन घ्यायचं. सेफेर तोराच पडला तर पाहणाऱ्यांनी उपास करण्याची रीत आहे. छापील पुस्तक संडासात न्यायची वेळ आलीच तर दोन आवरणांत.

फोनवर सिद्दूर वाचणाऱ्यांना एक दिलासा आहे. पडद्यावरचं अक्षर हे धर्मशास्त्राच्या अर्थाने लिखाण नाही, असंच बहुतेक रब्बी मानतात. तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेला नावासकटचा संदेश डिलीट करता येतो, ॲप काढून टाकता येतं, पडदा बंद असेल तर फोन कुठेही नेता येतो. प्रिंट काढली की मात्र तो कागद झाला. शब्बाथच्या एका प्रार्थनेसाठी तीस प्रती काढून संध्याकाळी तीसही उरवल्या तर त्या तिसांची सोय लावणं तुमच्याकडे आलं.

लग्नपत्रिकेवर तोराची ओळ छापू नये असं रब्बी पूर्वीपासून सांगत आले आहेत, कारण पत्रिका समारंभ झाला की कुठेही पडते. छापखान्याला मजकूर देण्याआधी ती ओळ काढून टाका. वधूवरांची नावं, सिनेगॉगचा पत्ता आणि वेळ एवढं असलं की पत्रिकेचं काम होतं.